न्याय या शब्दाची भावकी

'न्याय' हा शब्द मराठीत इतका सरावाचा झाला आहे की त्याच्या पोटात मुळात चालण्याची क्रिया आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. 'इ' म्हणजे जाणे या संस्कृत धातूला 'नि' हा उपसर्ग लागून तो बनतो आणि पाणिनीने 'अष्टाध्यायी'च्या तिसऱ्या अध्यायात त्याची सिद्धी सांगताना अर्थाची एक अटही घातली आहे: 'अभ्रेष' हा अर्थ असेल तेव्हाच हे रूप साधावे. भ्रेष म्हणजे ढळणे, वाटेवरून घसरणे. अभ्रेष म्हणजे न ढळणे. व्याकरणपरंपरेत याच शब्दाची आणखी एक व्युत्पत्ती 'नी' म्हणजे नेणे या धातूपासून दिली जाते आणि तिच्यानुसार ज्याच्या योगाने माणूस नेला जातो तो न्याय. दोन्ही व्युत्पत्तींच्या मुळाशी वाट आहे. ती वाट कोणी आखली, ती कोणाच्या दारावरून जाते आणि कोणाच्या दारापर्यंत पोचतच नाही, याविषयी मात्र शब्द मौन पाळतो. मराठीला न्यायाच्या जोडीने इतके दुसरे शब्द का लागले, याचे उत्तर बऱ्याच अंशी या मौनात आहे.

अमरसिंहाच्या 'अमरकोशा'त दुसऱ्या कांडातील क्षत्रियवर्गात, म्हणजे राजा आणि राज्यकारभार यांच्याशी संबंधित शब्दांमध्ये, न्यायाची पाच नावे एकत्र दिली आहेत: अभ्रेष, न्याय, कल्प, देशरूप आणि समंजस. कोशात ती समानार्थी म्हणून शेजारी बसली असली, तरी प्रत्येकाची नजर वेगळीकडे आहे. कल्प म्हणजे विधी, घालून दिलेली रीत. समंजस या शब्दात 'अंजस' म्हणजे सरळ हा अर्थ आहे, त्यामुळे जे सरळपणाने जुळते ते समंजस. मराठीत हा शब्द माणसाच्या स्वभावाकडे वळला आणि दुसऱ्याची बाजू समजून घेणारा तो समंजस, असा अधिक मायाळू अर्थ त्याला आला. पाचांतला सर्वांत विचार करायला लावणारा शब्द देशरूप हा होय. त्या त्या देशाला, म्हणजे स्थळाला, शोभेल असे वर्तन ते न्यायाचे, असा त्याचा भाव आहे. तिथली चाल, तिथला परिपाठ हाच तिथला न्याय. राजाने प्रत्येक ठिकाणच्या रूढीचा मान राखावा, ही त्यातली शहाणपणाची बाजू झाली. पण रूढीच अन्यायाची असेल तर काय करावे, याला देशरूपापाशी उत्तर नाही.

त्याच ठिकाणी अमरसिंह 'न्याय्य' या विशेषणाचेही पर्याय देतो आणि त्यांत युक्त आणि औपयिक यांच्या बरोबरीने 'लभ्य' आणि 'भजमान' हे शब्द येतात. लभ्य म्हणजे मिळण्याजोगे, ज्याचे त्याला मिळायला हवे असे. भजमान हा 'भज्' म्हणजे वाटून देणे या धातूपासून आला असून भाग, विभाग आणि भागीदार हे शब्द त्याचेच सोयरे आहेत. नाम वाट दाखवते आणि विशेषण वाटणी दाखवते, असा हा फरक आहे. मराठी लिखाणात 'न्याय्य हक्क' हे शब्द फार वेळा 'न्याय हक्क' असे छापले जातात. एका 'य'च्या या गळतीत वाटणीचा अर्थही निसटतो, म्हणून ती नुसती मुद्रणाची चूक म्हणून सोडून देता येत नाही.

न्याय हे भारतीय दर्शनांपैकी एका दर्शनाचेही नाव आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांवर उभ्या असलेल्या या तर्कशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही ज्ञानाची चार प्रमाणे मानली जातात आणि दुसऱ्याला एखादी गोष्ट पटवून देताना पाच पायऱ्यांनी जावे लागते. त्या डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर असतो तिथे आग असते, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. या पाच अवयवांच्या वाक्यसमूहालाही न्याय असेच म्हणतात. या शास्त्राचे पारिभाषिक शब्द एका जागी आणणारा भीमाचार्य झळकीकर यांचा 'न्यायकोश' मुंबईत एकोणिसाव्या शतकात तयार झाला आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी सुधारलेली त्याची आवृत्ती १९२८ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढली. या दर्शनाने वादाचे तीन प्रकार सांगितले: सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता समोरच्याचे नुसते खंडन करणे ती वितंडा. मराठीतला 'वितंडवाद' तिथून आला. कोर्टात द्यायच्या 'प्रतिज्ञापत्रा'तही तर्काच्या पहिल्या पायरीचे नाव टिकून आहे.

लोकांच्या तोंडी मात्र न्याय तिसऱ्याच अर्थाने रुळला. नेहमी घडणारी एखादी गोष्ट दृष्टान्त म्हणून वापरली की तिलाही न्याय म्हणतात आणि अशा न्यायांचा 'लौकिकन्यायाञ्जलि' हा संग्रह कर्नल जेकब यांनी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केला. शितावरून भाताची परीक्षा या मराठी म्हणीचे संस्कृत रूप म्हणजे स्थालीपुलाकन्याय. कढईचे मोठे काम अगोदर आले असले, तरी मागून आलेली सुई लोहार आधी करून देतो, तो सूचीकटाहन्याय. या न्यायांत चांगले-वाईट असे काही नसते. जग कसे चालते, एवढेच ते दाखवतात. म्हणूनच मोठा मासा लहान माशाला गिळतो त्या स्थितीलाही कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त मात्स्यन्याय असे नाव आहे आणि मराठी लेखकही 'बळी तो कान पिळी या न्यायाने' असे सहज लिहून जातो. जिथे न्यायाचा मागमूस नाही, त्या अवस्थेलाही न्याय म्हणावे लागावे, हे शब्दाच्या मूळ अर्थाला धरूनच आहे, कारण वाट कुठलीही असली तरी ती वाटच असते. अमर्त्य सेन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द आयडिया ऑफ जस्टिस' या पुस्तकात नियमांची आणि संस्थांची नीटस मांडणी ती नीती आणि माणसांच्या आयुष्यात प्रत्यक्ष उतरते तो न्याय, असा भेद करून मात्स्यन्याय टाळणे ही न्यायाची पहिली कसोटी मानली आहे. विचार म्हणून हा भेद मोलाचा आहे. पण जुन्या संस्कृतात हे दोन शब्द इतके स्वच्छ वेगळे नाहीत आणि मराठीत तर नीती शीलाकडे गेली व न्याय कचेरीकडे.

कचेरीकडे तो गेला हेही तुलनेने उशिरा घडले. स्मृतिग्रंथांत दाव्याला 'व्यवहार' म्हणतात आणि न्याय देणाऱ्याला 'प्राड्विवाक', म्हणजे आधी विचारणारा आणि मग विवेचन करणारा. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात लिहिलेला 'व्यवहारमयूख' हा याच अर्थाच्या व्यवहाराचा ग्रंथ असून इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत तो प्रमाण मानला जात असे. आजच्या मराठीत व्यवहार म्हणजे देणेघेणे. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत न्यायाधीश हे पद होते आणि राज्याभिषेकानंतर फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला, तरी गावगाड्यात न्यायाची भाषा पुढेही बव्हंशी अरबी-फारसीच राहिली. हे शब्द परके म्हणून बाजूला सारावेत असे नाहीत, कारण न्यायाच्या ज्या अंगांना संस्कृत शब्द स्पर्श करत नाही, ती अंगे त्यांनी उजेडात आणली.

इन्साफ हा शब्द अरबीतील 'निस्फ' म्हणजे निम्मे या शब्दाच्या कुळातला आहे. दोघांना सारखे अर्धे अर्धे देणे हा त्याचा गाभा आणि ते काम करणारा तो मुन्सफ. फिर्याद म्हणजे फारसीत आर्त हाक आणि दाद म्हणजे न्याय. हाक मारणाऱ्याने दाद मागायची आणि ऐकणाऱ्याने ती द्यायची, अशी ही जोडी आहे. मराठीने दाद कचेरीबाहेरही नेली. मैफलीत जागा घेणाऱ्या गायकाला श्रोता दाद देतो, तेव्हा तोही त्याच्या पदरात जे पडायला हवे ते टाकत असतो. आणि अधिकारी दाद देत नाही अशी तक्रार होते, तेव्हा निकाल विरुद्ध गेल्यापेक्षा ऐकूनच न घेतल्याचे दुःख त्यात मोठे असते. वाजवी हा शब्द अरबी 'वाजिब' म्हणजे बंधनकारक यापासून आला. मराठीत तो इतका मुरला की त्याला 'अ' हा संस्कृत उपसर्ग लावून 'अवाजवी' करताना कोणाला काही वावगे वाटले नाही.

रास्त या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. फारसीत त्याचा अर्थ सरळ, खरा असा आहे, म्हणजे अमरकोशातला समंजस आणि हा रास्त एकाच कल्पनेतून निघालेले आहेत. रेशनच्या दुकानाला सरकारी कागदांत रास्त भाव दुकान म्हणतात आणि बाहेरच्या पाटीवर पुष्कळदा 'सरकारमान्य स्वस्त धान्य दुकान' असे लिहिलेले असते. स्वस्त आणि रास्त यांत यमक असले तरी मोठे अंतर आहे. स्वस्त हे घेणाऱ्याच्या खिशाकडे पाहून ठरते. रास्त ठरवताना पिकवणारा, विकणारा आणि घेणारा या तिघांकडे पाहावे लागते. उसाच्या बाबतीत हे अंतर कायद्यातच उतरले आहे. २००९-१० च्या हंगामापासून वैधानिक किमान दराच्या जागी 'रास्त आणि किफायतशीर दर' आला आणि ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस तुटून कारखान्यात गेल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे देणे बंधनकारक आहे. किफायत म्हणजे पुरेसेपणा. नुसता सरळ भाव पुरत नाही, त्यात भागलेही पाहिजे, हे या जोडशब्दाने मान्य केले. दर कितीही रास्त असला तरी उसाची गाडी वजनाला उभी राहिली की शेतकऱ्याचे डोळे काट्यावर असतात आणि 'काटामारी' या एका शब्दात तो न्यायाची सगळी भीती सांगून टाकतो.

मराठेशाहीत गावातला तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या वतनदारांच्या आणि बलुतेदारांच्या बैठकीपुढे जाई. दोन्ही बाजूंच्या तकरिरा, म्हणजे जबान्या, घेतल्या जात आणि जो निर्णय होईल तो मान्य करू, असा राजीनामा वादी-प्रतिवादींकडून आधीच लिहून घेतला जाई. आज त्याच शब्दाने पद सोडले जाते. निकालाच्या महजरावर, म्हणजे सभेच्या साक्षीच्या कागदावर, अक्षरओळख नसलेले लोक आपापल्या अवजाराची निशाणी काढत, कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा याप्रमाणे. हरलेल्याला हार कबूल करणारे येजितखत लिहून द्यावे लागे. त्याच्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दंड, आणि जिंकलेल्याकडून हरकी, म्हणजे जिंकल्याची भेट, सरकारात जमा होई, म्हणजे न्याय दोघांनाही फुकट मिळत नसे. पुराव्याने गाठ सुटली नाही तर उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य होते. 'अग्निदिव्य' हा शब्द त्या भीषण पद्धतीची आठवण आजही वागवतो. या काळातले माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव तर निःपक्षपातीपणाचा पर्याय म्हणूनच मराठीत वापरले जाते. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाल्यावर रामशास्त्र्यांनी त्या खुनाबद्दल रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. निर्णयाला शिक्षा हा शब्द न येता प्रायश्चित्त हा शब्द येतो, यावरून न्यायाधीशाच्या आसनामागे धर्मशास्त्र उभे होते हे कळते.

या सगळ्या शब्दांच्या गर्दीत निवाडा हा अस्सल घरचा शब्द आहे. तो 'निवडणे' या क्रियापदापासून आला असून निवड आणि निवडणूक ही त्याची भावंडे आहेत. सुपात तांदूळ पसरून, उजेडाकडे तोंड करून, बोटांनी दाणे मागे सारत खडा आणि गोंडर वेगळे काढणे, ही क्रिया डोळ्यांपुढे आणली म्हणजे निवाडा काय मागतो ते कळते: घाई करायची नाही, एकही दाणा न पाहता पुढे ढकलायचा नाही आणि खडा पांढरा आहे म्हणून त्याला तांदूळ समजायचे नाही. न्याय आणि निवाडा मिळून 'न्यायनिवाडा' हा जोडशब्द झाला, त्यात पहिला शब्द तत्त्व सांगतो आणि दुसरा मेहनत.

अन्यायासाठी तर मराठीने घरातूनच शब्द उचलले. आपपरभाव, दुजाभाव, सापत्नभाव, डावे-उजवे करणे, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा ही सगळी कुटुंबाची भाषा आहे. खेळातल्या अन्यायाला मुले रडीचा डाव किंवा अंचई म्हणतात. पण या सर्वांत नेमका शब्द पंक्तिप्रपंच हा आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाच्या वरणभातावर तुपाची धार लांबवायची आणि शेजारच्या पानावर थेंब टेकवून पुढे सरकायचे, याला पंक्तिप्रपंच म्हणतात. वाढणारा एकच, भांडे एकच, पाने शेजारी शेजारी. अन्याय दिसायला याहून मोठे साधन लागत नाही. इतका बोलका शब्द क्वचितच एखाद्या भाषेला लाभतो. तरीही त्याची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. पंगतीत बसलेल्यांमधला भेद हा शब्द पकडतो. ज्यांना पंगतीत बसूच दिले नाही, ते त्याच्या कक्षेबाहेर राहतात. जातींच्या समाजात ही फार मोठी संख्या होती.

देशरूपाची मर्यादा आणि पंक्तिप्रपंचाची मर्यादा या दोन्ही महाडच्या चवदार तळ्याच्या काठी एकत्र येतात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला होता आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले झाल्याचे ठरवले होते. नियमाची वाट आखलेली होती, पण तिच्यावरून कोणाला चालू दिले जात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही तळ्यावर गेले, ते पाणी प्याले आणि त्यांना मार खावा लागला. पुढे स्पृश्यांपैकी काहींनी लावलेला दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आंबेडकरांच्या बाजूने लागला. त्या दाव्यातील प्रश्न असा होता की, अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची चाल अनादी काळापासून होती हे सिद्ध होते का; ते सिद्ध झाले नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. निकाल हवा तसा लागला याचे समाधान असले, तरी माणसाला पाण्यापासून दूर ठेवण्याची चाल पुरेशी जुनी ठरली असती तर काय झाले असते, हा प्रश्न अंगावर येतो. न्याय या एकट्या शब्दाने भागत नाही आणि त्याच्यामागे 'सामाजिक' हे विशेषण लावावेच लागते, ते याचसाठी. संविधानाच्या उद्देशिकेत न्याय सामाजिक, आर्थिक आणि राजनैतिक अशा तीन विशेषणांसह येतो. करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा जाहीरनामा २६ जुलै १९०२ रोजी काढणाऱ्या छत्रपती शाहू महाराजांचा जन्मदिवस, २६ जून, महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो.

या भावकीत गेल्या काही दशकांत आलेला नवा शब्द म्हणजे समन्यायी आणि तोही पाण्याच्याच निमित्ताने रुजला. समान वाटप म्हणजे सर्वांना एकच माप. समन्यायी वाटप म्हणजे कोणत्या मापाने मोजले तर कोणावर अन्याय होणार नाही, हे आधी ठरवून मग वाटणे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला, त्यात माप जमिनीचे न ठेवता माणसाचे ठेवले. घरातल्या दर माणसामागे अर्ध्या एकराचे पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे, भूमिहीनालाही वाटा, पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही आणि फार पाणी पिणारा ऊस लावायचा नाही, असे त्याचे नियम होते. ज्याची जमीन मोठी त्याचे पाणी मोठे, हे पाटाच्या पाण्याचे जुने गणित इथे उलटे झाले आणि पाण्याची पंगत मांडताना प्रथमच पान माणसापुढे पडले, शेतापुढे नव्हे.

गोदावरीच्या खोऱ्यात याच शब्दाला तिसरे माप मिळाले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये तुटीच्या वर्षी खोऱ्यातील सर्व धरणांत वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी शक्य तितकी सारखी राहावी, असे तत्त्व आहे. वरच्या अंगाला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे, खालच्या अंगाला पैठणचे जायकवाडी, अशी ही ओळ असून वरची पाने आधी वाढली जातात. प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये याविषयी आदेश दिला, मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो कायम केला आणि पाणी सोडण्याचे नियम सुचवणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे मोजणीची तारीखही ठरली: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. वरच्या शेतकऱ्याला ते आपल्या पिकातून काढून घेतल्यासारखे वाटते, खालच्याला ते आपलेच उशिरा मिळाल्यासारखे वाटते आणि दोघेही मोर्चाच्या फलकावर न्याय हाच शब्द लिहितात. पाऊस कमी झालेल्या वर्षी नदीपात्रात सोडलेल्या पाण्यातले काही वाळूत मुरते, काही वाटेत उपसले जाते, आणि जे जायकवाडीच्या नाथसागर जलाशयात पोचते त्याची नोंद पाटबंधारे खात्याच्या वहीत अब्ज घनफुटांत होते.